पुढचा भाग काढायचा हक्क कुणाचा?

रात्री संगणकानं अपडेट घेतलं. सकाळी पाहावं तर खालची पट्टी गायब, मेनू भलत्याच कोपऱ्यात आणि खिडकी छोटी करण्याचं बटणच नाही. काम तेच, फायली त्याच, पण हात जिथे सवयीनं जातो तिथे काही नाही. अशा वेळी बहुतेक जण चार शिव्या घालतात, आठवडाभर कुरकुरतात आणि नव्याची सवय करून घेतात. दुसरा इलाज नसतो.

1992 साली 'एलियन 3' पाहायला गेलेल्या प्रेक्षकांपुढेही दुसरा इलाज नव्हता. रिडली स्कॉटचा 'एलियन' 1979 चा. अंतराळातल्या मालवाहू जहाजात एक परग्रहवासी शिरतो आणि माणसं एकेक करून संपतात. जेम्स कॅमेरॉननं 1986 मध्ये 'एलियन्स' काढला. त्यात नायिका रिप्ली जिवावर उदार होऊन न्यूट नावाच्या पोरीला वाचवते. तो सिनेमा सगळा त्या पोरीच्या सुटकेवर उभा आहे. तिसरा भाग सुरू झाला आणि श्रेयनामावली संपता संपताच न्यूट मेली, तिच्याबरोबर वाचलेला सैनिक हिक्सही मेला. म्हणजे आधीच्या सिनेमात दोन तास जीव मुठीत धरून बसलात ते फुकट.

पुढचा भाग बिघडण्याच्या या दोन तऱ्हा. पण यांच्यात एक मोठा फरक आहे. 2011 मध्ये लिनक्स वापरणाऱ्यांचा एक आवडता डेस्कटॉप असाच एका रात्रीत बदलला, तेव्हा नाराज मंडळींनी जुना भाग उचलला आणि त्याला स्वतःचा पुढचा भाग जोडला. तो आजही चालू आहे. एलियनच्या चाहत्यांना तीस वर्षांत हे जमलेलं नाही, आणि त्यांच्यात कसलेले दिग्दर्शकसुद्धा आहेत. अडलं आहे ते परवानगीपाशी. ही परवानगी कशी चालते ते पाहू. वाटेत एक असा भयपटही भेटेल, ज्याची परवानगी केवळ एका विसरलेल्या ओळीमुळे साऱ्या जगाला मिळाली.

डेस्कटॉप एकसंध नसतो

पडद्यावर दिसतं ते सगळं मिळून एकच वस्तू आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे थर असतात. सगळ्यात खाली कर्नल. तो प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट बोलतो. लिनक्स हे नाव खरं तर एवढ्याच भागाचं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं तो 1991 मध्ये लिहायला घेतला. त्याच्या वर पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा. तिच्या वर बटणं, मेनू, चौकटी काढून देणारा तयार साहित्याचा संच, त्याला टूलकिट म्हणतात. आणि सगळ्यात वर आपल्याला दिसणारी मंडळी : खिडक्या हलवणारा प्रोग्रॅम, पट्टी, फायली दाखवणारा प्रोग्रॅम.

विंडोज किंवा मॅक घेतलं की हे सगळे थर एकाच कंपनीकडून, शिवून बंद केलेले मिळतात. लिनक्सच्या जगात प्रत्येक थर वेगवेगळी माणसं बांधतात. त्यामुळे खालचं सगळं तसंच ठेवून फक्त वरचा डेस्कटॉप बदलता येतो. एकाच कर्नलवर केडीई चालतो, ग्नोम चालतो, एक्सएफसीई चालतो. केडीई 1996 मध्ये सुरू झाला. त्यात वापरलेल्या क्यूटी नावाच्या टूलकिटचं लायसन्स तेव्हा पुरेसं मोकळं नव्हतं. एवढ्या एका कारणावरून 1997 मध्ये मेक्सिकोच्या दोन तरुणांनी ग्नोम सुरू केला. चांगला चालणारा डेस्कटॉप समोर असताना केवळ लायसन्स पटत नाही म्हणून अख्खा दुसरा डेस्कटॉप लिहायला बसणं बाहेरच्या माणसाला खुळेपणा वाटेल. त्या मंडळींना तो वाटला नाही, आणि त्यामागचा हिशेब समजला की पुढचं सगळं सोपं होतं.

विरजणाची अट

शेजारीण वाटी घेऊन आली आणि चमचाभर विरजण मागितलं, तर तुमचं दही कमी होत नाही. तिच्या घरचं दूध वेगळं, हवा वेगळी, म्हणून तिचं दही थोडं वेगळं लागेल. उद्या तुमचं दही बिघडलं तर तिच्याकडून विरजण परत आणता येईल. सॉफ्टवेअरमध्ये हे विरजण म्हणजे सोर्स कोड, माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहिलेल्या सूचना. संगणकाला चालवायला जे मिळतं ते त्याचं यंत्राच्या भाषेतलं रूप. त्यावरून मूळ सूचना काढणं महाकठीण. म्हणून नुसता प्रोग्रॅम फुकट मिळाला तरी त्यात बदल करता येत नाही. सोर्स कोड हाती लागला तर येतो.

आता समजा, विरजण देताना तुम्ही एक अट घातली : यापासून लावलेलं दही तू कुणाला दिलंस, तर त्यानं मागितल्यावर विरजणही द्यायचं, आणि हीच अट त्यालाही घालायची. विकायला हरकत नाही. घरच्या घरी खाल्लंस तर कुणाला काही देणं लागत नाहीस. पण दही द्यायचं आणि विरजण दडवायचं, असं चालणार नाही.

ही अट म्हणजे जीपीएल हे लायसन्स. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमननं त्याची पहिली आवृत्ती 1989 मध्ये काढली. टोरवाल्ड्सनं 1992 मध्ये आपला कर्नल त्याखाली आणला. ग्नोमचा बराचसा भाग याच किंवा याच्या जवळच्या लायसन्सखाली आहे.

जीपीएलचा आधार काय, इथे अनेकांची गल्लत होते. मुक्त सॉफ्टवेअरवर कुणाची मालकी नसते असं वाटतं. तसं नाही. ज्यानं कोड लिहिला त्याचा त्यावर कॉपीराइट असतो, आणि तो असतो म्हणूनच त्याला अट घालता येते. अट मोडणाऱ्याला कोर्टात खेचता येतं तेही कॉपीराइटच्याच बळावर. स्टॉलमननं कॉपीराइट झुगारला नाही. त्याचा वापर उलट्या बाजूनं केला.

2011 सालचा ग्नोम

ग्नोम 2 हा 2002 पासूनचा डेस्कटॉप. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, तीन मेनू. देखणा म्हणवत नव्हता, पण नऊ वर्षांत लोकांच्या हाडीमाशी भिनला होता. एप्रिल 2011 मध्ये ग्नोम 3 आला आणि हे सगळं गेलं. खालची पट्टी गेली, डेस्कटॉपवरची चित्रं गेली, खिडकीवर फक्त बंद करण्याचं बटण उरलं. उघडलेले प्रोग्रॅम पाहायचे तर आधी एका कोपऱ्यात माउस न्यायचा. टोरवाल्ड्सनंही जाहीर त्रागा केला आणि तो एक्सएफसीईकडे गेला. (गंमत म्हणजे केडीईची चौथी आवृत्ती 2008 मध्ये अर्धीकच्ची आली म्हणून तो तिथून वैतागून ग्नोमकडे आला होता. पुढे काही वर्षांनी पुन्हा ग्नोमकडेच परतला.)

त्याच वर्षी अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं ग्नोम 2 चा सोर्स कोड घेतला आणि त्याची वेगळी शाखा काढली. अशा शाखेला संगणकाच्या जगात फोर्क म्हणतात. तिकडच्या आवडत्या पेयावरून तिचं नाव ठेवलं माटे. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार बनवणाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी ग्नोम 3 चाच नवा कोड घेऊन त्याला जुन्या वळणाचा चेहरा दिला, तो सिनॅमन. दोन्ही गटांना कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण ती लायसन्समध्ये आधीच दिलेली होती.

पण परवानगी असली म्हणजे काम फुकट होतं असं नाही. माटेवाल्यांपुढची पहिली अडचण अगदी गावठी होती. जुन्या आणि नव्या ग्नोममधल्या प्रोग्रॅमची नावं सारखीच. एकाच संगणकावर दोन्ही ठेवले तर एक दुसऱ्याच्या फायली पुसणार. म्हणून सगळ्यांची बारशी पुन्हा झाली. फायली दाखवणारा नॉटिलस झाला काहा, मजकूर लिहायचा जीएडिट झाला प्लूमा, पीडीएफ दाखवणारा एव्हिन्स झाला आत्रिल. पेटी, लेखणी, पुस्तक ठेवायचं व्यासपीठ असे साधे स्पॅनिश शब्द.

दुसरी अडचण खालच्या थराची. ग्नोम 2 ज्या टूलकिटवर उभा होता, त्याची पुढची आवृत्ती आली होती आणि जुनीकडे लक्ष देणारे कमी कमी होत होते. घर तसंच ठेवून पाया बदलायचा होता. माटे पूर्णपणे नव्या टूलकिटवर यायला 2017 उजाडलं. म्हणजे 'आमचं जुनं होतं तेच बरं होतं' असं म्हणायला एक संध्याकाळ पुरली आणि ते जुनं जिवंत ठेवायला सहा वर्षं लागली. ग्नोम 3 बनवणारे अगदीच चुकले होते असं मला आता वाटत नाही. जुन्या कोडची डागडुजी किती दमवते हे त्यांना ठाऊक होतं. खिडकीचं बटण काढायला मात्र नको होतं.

ही गोष्ट एकदाच घडली असंही नाही. ओरॅकलनं 2010 मध्ये ओपनऑफिसची मालक असलेली सन ही कंपनी घेतली, तेव्हा ओपनऑफिसवर काम करणारे बरेच जण बाहेर पडले आणि त्यांनी त्याच कोडमधून लिबरऑफिस काढलं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारानं युनिटी हा आपला डेस्कटॉप सोडत असल्याचं 2017 मध्ये जाहीर केलं. तो डेस्कटॉप असलेली उबुंटूची नवी आवृत्ती 2020 मध्ये काढली ती भारतातल्या एका शाळकरी मुलानं.

> चौकट : देवनागरीचा चमचाभर
>
> लिनक्सवर अनेक वर्षं मराठी दिसत आली ती 'लोहित' फॉन्टमध्ये. रेड हॅट कंपनीनं हे फॉन्ट 2004 मध्ये जीपीएलखाली खुले केले. पण फॉन्ट हा दस्तऐवजात जाऊन बसतो. मग त्या दस्तऐवजालाही जीपीएलची अट लागू होणार का, ही शंका राहते. 2011 मध्ये ते फॉन्टसाठीच बनवलेल्या ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. या लायसन्सप्रमाणे अक्षराचं वळण कुणीही सुधारू शकतो. मात्र मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल, तर बदललेल्या फॉन्टला ते नाव लावता येत नाही. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम लिबरऑफिससारखी मुक्त सॉफ्टवेअर मराठीसह अनेक भारतीय भाषांत शिकवतो. ते धडेही मुक्त परवान्याखाली आहेत.

एका ओळीची किंमत

आता सिनेमाकडे. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट काढणाऱ्या काही तरुणांनी पैसे जमवून एक कृष्णधवल भयपट काढला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, सहलेखक जॉन रुसो, खर्च सुमारे 1,14,000 डॉलर. शुक्रावरून परतणाऱ्या यानातल्या किरणोत्सर्गामुळे मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना खातात, असं त्यात सुचवलं आहे. एका शेतघरात अडकलेली सात माणसं एकमेकांशी भांडत राहतात आणि बाहेर गर्दी वाढत जाते. सिनेमा होता 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', पहिला खेळ 1 ऑक्टोबर 1968.

सिनेमाचं आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. याच्याशी मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा सिनेमा आधीच येऊन गेला होता, म्हणून वितरकांनी नाव बदललं. शीर्षकाची जुनी पाटी काढून नवी घातली. कॉपीराइटची सूचना, म्हणजे ते छोटं चिन्ह, साल आणि मालकाचं नाव, नेमकी त्या जुन्या पाटीवर होती. नव्या पाटीवर ती घालायची राहिली.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ही सूचना सक्तीची होती. तिच्याशिवाय प्रत प्रसिद्ध झाली की हक्क गेला. सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला आणि मग ज्याला वाटेल त्यानं तो दाखवला. टीव्हीच्या स्थानिक वाहिन्यांनी रात्री-अपरात्री लावला, व्हिडिओ कॅसेटवाल्यांनी कॅसेटी काढल्या, पुढे डीव्हीडीवाल्यांनी. बनवणाऱ्यांना त्यातलं फारसं काही मिळालं नाही. पण हळूहळू चालत येणारी, चावली की आपल्यासारखं करून टाकणारी आणि डोक्यावर घाव घातला तरच मरणारी प्रेतं घरोघर पोचली. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट कधीच नसतो, त्यामुळे प्रेतांचे हे नियम इतरांना तसेही उचलता आले असते. मात्र मूळ सिनेमा इतका स्वस्तात आणि इतक्या जागी दिसला नसता, तर ते उचलावेसे किती जणांना वाटले असते, हा प्रश्न आहेच.

पुढच्या भागांचे तर दोन वंश झाले. रोमेरो आणि रुसो वेगळे झाले, तेव्हा 'लिव्हिंग डेड' ही अक्षरं रुसोकडे राहिली. रोमेरोनं आपला वंश नुसत्या 'डेड'वर चालवला : 1978 चा 'डॉन ऑफ द डेड', ज्यात माणसं एका शॉपिंग मॉलमध्ये दडतात, आणि 1985 चा 'डे ऑफ द डेड'. त्याच 1985 मध्ये दुसऱ्या वंशाचा 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड' आला. त्यातली प्रेतं धावतात, बोलतात, मेंदू मागतात आणि डोकं फोडलं तरी मरत नाहीत. 1968 चा सिनेमा खऱ्या घटनेवर बेतला होता, अशी थापही त्यातलं एक पात्र मारतं. दिग्दर्शक होता डॅन ओ'बॅनन, म्हणजे ज्यानं 'एलियन'ची पटकथा लिहिली तोच. मला हा सिनेमा 'डे ऑफ द डेड'पेक्षा जास्त आवडतो. रोमेरोच्या भक्तांसमोर हे बोलू नये.

विसरून मोकळं, ठरवून मोकळं

वरवर पाहता ग्नोम 2 आणि हा भयपट सारखेच : दोन्ही कुणालाही उचलता येतात. पण विरजणाची अट फक्त पहिल्याला आहे. सिनेमाचा हक्कच गेल्यामुळे अट घालायला कुणी उरलंच नाही. मग कुणीही चमचा घ्यावा, दही लावावं आणि कपाटाला कुलूप घालावं. तसं झालंही. 1986 मध्ये एका कंपनीनं सिनेमा रंगीत केला. मूळ सिनेमा सगळ्यांचा, पण वर चढवलेल्या रंगांवर हक्क सांगता येतो. तिसाव्या वर्षाच्या निमित्तानं रुसोनं नवी दृश्यं चित्रित करून त्यात घुसडली. ती नवी दृश्यं कॉपीराइटखाली, आणि ती नसती तर बरं झालं असतं. खुद्द रोमेरोनं 1990 मध्ये सिनेमाच्या नव्या अवताराची पटकथा लिहिली, त्यामागे निदान यावर तरी आपला हक्क असावा हाही विचार होता. जीपीएलखालच्या प्रोग्रॅमचं असं होत नाही. त्याची सुधारलेली आवृत्ती वाटली की सुधारणाही त्याच अटीखाली येते.

नावाचा हक्क मात्र दोन्हीकडे वेगळाच चालतो. कोड मोकळा असला तरी नाव ट्रेडमार्कखाली असू शकतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात फायरफॉक्स ब्राउझर होता, पण त्याचं चित्र मुक्त नव्हतं आणि डेबियननं कोडमध्ये आपले बदलही केले होते. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानं 2006 मध्ये हरकत घेतली. नाव वापरायचं तर चित्र आमचं, बदलही आम्हाला दाखवून. डेबियननं कोड तसाच ठेवला, नाव केलं आइसवीझल, आणि 2016 पर्यंत ते चाललं.

मालकाची फांदी

'एलियन 3' ला असं दुसऱ्याकडून काही सुधारून मिळणं शक्य नव्हतं. पटकथा पक्की होण्याआधी सेट उभे राहिले होते, दिग्दर्शक डेव्हिड फिंचरचा हा पहिलाच सिनेमा, आणि स्टुडिओशी भांडून त्यानं पुढे या सिनेमाशी नातंच तोडलं. 2003 मध्ये डीव्हीडीसाठी सुरुवातीच्या संकलनाला धरून एक लांब आवृत्ती निघाली. ती थिएटरमधल्यापेक्षा बरीच बरी आहे. पण तीही स्टुडिओनंच काढली, फिंचरशिवाय. चौथ्या भागाबद्दल मी बोलत नाही.

2015 मध्ये नील ब्लोमकॅम्प या दिग्दर्शकानं 'एलियन्स'च्या पुढे थेट जाणारा भाग काढायचं मनात घेतलं. रिप्ली झालेली सिगर्नी वीव्हरही तयार होती. संगणकाच्या भाषेत तो दुसऱ्या भागापासून फोर्क काढत होता. स्टुडिओनं तो बाजूला ठेवला आणि विषय संपला. फांदी काढायची युक्ती सिनेमावाल्यांना परकी नाही : 2019 चा 'टर्मिनेटर : डार्क फेट' पहिल्या दोन भागांनंतरचे तीन सिनेमे झाले नाहीत असंच धरून चालतो. पण तिथे फांदी काढणारा हक्काचा मालक होता.

ठरवून मोकळे ठेवलेले सिनेमेही आहेत. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर 2002 मध्ये वापरकर्त्यांनी 1,00,000 युरो वर्गणी काढून सोडवून घेतलं आणि जीपीएलखाली आणलं. ब्लेंडरच्या संस्थेनं 2012 मध्ये 'टीअर्स ऑफ स्टील' हा विज्ञानपट काढला. सिनेमाबरोबर त्याचं कच्चं साहित्यही सगळ्यांसाठी ठेवलं. कुणीही पुढचा भाग काढावा. त्याची वाट पाहणारे मात्र फारसे कुणी नाहीत, कारण वापरकर्त्याला रोज सकाळी डेस्कटॉप लागतो, तसा सिनेमाचा पुढचा भाग कुणाला लागत नाही.

आज ती ओळ विसरली तर

रोमेरोच्या वितरकांनी केली ती चूक आज केली तर परिणाम उलटा होतो. अमेरिकेनं 1989 मध्ये बर्न करार लागू केला आणि सूचनेची सक्ती गेली. भारत या करारात 1928 पासून आहे. आपल्या 1957 च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइटला नोंदणी लागत नाही, चिन्हही लागत नाही. लिहिलं की हक्क लागू, आणि सिनेमाच्या बाबतीत तो प्रदर्शनानंतर 60 वर्षं टिकतो.

म्हणजे पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीनं आपला प्रोग्रॅम इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला, पण लायसन्स लिहायचं राहिलं, तर तो मुक्त होत नाही. तो वाचता येतो. सुधारून वाटायला मात्र तिची परवानगी लागते, आणि ती सापडली नाही तर कोड तिथेच पडून राहतो. लायसन्सची फाईल नसलेले असे प्रोग्रॅम इंटरनेटवर ढिगानं आहेत. डेबियनमध्ये नवा प्रोग्रॅम घेण्याआधी स्वयंसेवक त्यातल्या फायलींवर हक्क कुणाचा आणि लायसन्स कोणतं हे तपासतात. ते स्पष्ट नसेल तर प्रोग्रॅम कितीही चांगला असो, परत पाठवतात.